एक मासा की दोन?

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला मुशी आणि पाकट यांतला फरक शिकवावा लागत नाही. मुशी म्हणजे शार्क. तिचे अंग लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळते. पाकट सुपासारखे पसरट, मागे चाबकासारखी शेपटी. आता अशी कल्पना करा, की कोणी मुशीला वरून दाबून पाकटासारखे चपटे केले, पण तिचे कल्ल्यांचे उघडे भाग मात्र पाकटाप्रमाणे पोटाखाली न जाता अंगाच्या कडेलाच राहिले. असा मासा कल्पनेतला नाही. तो खरोखरच आहे, आणि त्याचे नाव एंजल शार्क. छातीचे दोन रुंद पर देवदूताच्या पंखांसारखे दिसतात म्हणून त्याला हे नाव मिळाले. शास्त्रज्ञ त्याच्या वंशाला स्क्वाटिना म्हणतात. जगातील निरनिराळ्या समुद्रांत या वंशाच्या वीसहून अधिक जाती राहतात.

हा मासा समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून बसतो. डोळे तेवढे वर राहतात. डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून तो श्वासासाठी पाणी आत घेतो, त्यामुळे तोंड वाळूत असले तरी अडचण येत नाही. एखादा लहान मासा जवळून गेला, की क्षणार्धात डोके उचलून तो त्याला गिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मग माशांची ही गोष्ट मी का सांगतो आहे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर असे : दक्षिण ब्राझीलच्या समुद्रात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या एंजल शार्कच्या जाती आहेत. त्या खरोखर वेगळ्या आहेत हे ओळखण्याच्या कामी, तुम्ही विजेच्या प्रकरणात शिकता तोच एक साधा नियम उपयोगी पडला. आणि त्या वेगळ्या ओळखणे हा निव्वळ नावे देण्याचा खेळ नव्हता. त्यांच्या जगण्यामरण्याशी त्याचा संबंध होता.

लंबकाची एक चूक

आधी आमच्या प्रयोगशाळेतील एक प्रसंग सांगतो. दोन विद्यार्थी साध्या लंबकाच्या २० आंदोलनांचा काळ मोजत होते. एकाला नेहमी ४० सेकंदांच्या आसपास काळ मिळे, तर दुसऱ्याला ३८ सेकंदांच्या आसपास. दोघांनी सगळ्या आकड्यांची सरासरी काढली, ती ३९ सेकंद आली, आणि वही माझ्यापुढे ठेवली. गणित बरोबर होते. तरीही उत्तर चूक होते.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. पहिला विद्यार्थी लंबक सोडताना ‘शून्य’ म्हणत होता आणि दुसरा ‘एक’. म्हणजे दुसऱ्याची २० आंदोलने प्रत्यक्षात १९ च होती. एका आंदोलनाला २ सेकंद लागत होते, म्हणून १९ आंदोलनांना ३८ सेकंद. दोघांनी दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या होत्या. त्या एकत्र करून निघालेले ३९ सेकंद हे ना १९ आंदोलनांचे होते, ना २० आंदोलनांचे.

मोजण्यापूर्वी आपण काय मोजतो आहोत हे निश्चित केले पाहिजे, हा धडा त्या मुलांना मिळाला. दक्षिण ब्राझीलच्या समुद्रात नेमका हाच प्रश्न होता, फक्त तेथे लंबकाच्या जागी मासे होते.

नावांचा घोळ

ब्राझीलच्या अगदी दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सुल हे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याबाहेर समुद्राचा तळ उथळ आणि रुंद असून तेथे मासेमारी मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील कोळी एंजल शार्कला पोर्तुगीज भाषेत ‘कासाँव-आंझू’ म्हणतात. या शब्दाचा अर्थही ‘देवदूत शार्क’ असाच आहे. जाळ्यात आलेला प्रत्येक एंजल शार्क याच एका नावाखाली बाजारात जाई आणि सरकारी नोंदीतही याच नावाखाली लिहिला जाई.

शास्त्रज्ञांच्या नावांतही घोळ होता. टोमास मारिनी या अभ्यासकाने १९३० साली या भागातील एका जातीचे वर्णन केले. ती जात आज स्क्वाटिना अर्जेंटिना या नावाने ओळखली जाते. १९३६ साली त्यानेच आणखी एका जातीला स्क्वाटिना गुगेनहाइम असे नाव दिले. परंतु पुढे कित्येक वर्षे या जाती वेगळ्या आहेत की एकच, याबद्दल एकमत नव्हते. काहींच्या पाठीवर मध्यभागी काट्यांची ओळ असते आणि काहींच्या पाठीवर नसते, एवढे दिसत होते. पण तेवढ्यावरून निर्णय कसा करायचा? कोंबडा आणि कोंबडी दिसायला किती वेगळी असतात, तरी जात एकच ना! त्याचप्रमाणे काट्यांची ओळ ही नर-मादीतील फरकाची खूण असू शकेल, किंवा लहानपणी असणारे काटे वयाबरोबर झिजत असतील. डोळ्यांना दिसणारा फरक खरा असतो, पण त्याचा अर्थ काय हे डोळे सांगत नाहीत.

विजेने दिलेली साक्ष

येथे आपला विजेचा नियम उपयोगी पडतो. विद्युत्क्षेत्रात ठेवलेल्या भारित कणावर बल कार्य करते, आणि

बल = विद्युत्भार × क्षेत्रतीव्रता

हे तुम्हांला माहीत आहे. प्राण्यांच्या शरीरातील प्रथिने ॲमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांनी बनलेली असतात. यांतील काही ॲमिनो आम्लांवर पाण्यात धनभार असतो, काहींवर ऋणभार, तर काहींवर भार नसतो. या सर्वांची बेरीज म्हणजे त्या प्रथिनाचा एकूण भार.

आता स्टार्चची एक जेली घ्या. माशाच्या स्नायूचा किंवा यकृताचा तुकडा वाटून त्याचा रस जेलीच्या एका बाजूला लावा आणि जेलीच्या दोन टोकांना विजेचा दाब जोडा. समजा, जेली २० सेंटीमीटर लांब आहे आणि दाब २०० व्होल्ट आहे. म्हणजे दर सेंटीमीटरला १० व्होल्ट झाले. ज्या प्रथिनावर भार अधिक, त्यावर बल अधिक. जेली त्याच्या वाटेत अडथळा करते, म्हणून ते वेगाने न धावता हळूहळू सरकते. काही तासांनी वीज बंद केली, की निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या अंतरांवर थांबलेली असतात. आपल्याला हवे असलेले प्रथिन कोठे आहे, हे विशिष्ट रंग वापरून उघड करता येते. तेथे एक रंगीत पट्टा दिसतो. या पद्धतीला विद्युत्संचरण म्हणतात.

प्रथिन कसे बनवायचे याची माहिती आनुवंशिक द्रव्यात असते. त्या माहितीत एका ठिकाणी बदल झाला आणि त्यामुळे भार असलेल्या ॲमिनो आम्लाच्या जागी भार नसलेले आले, तर प्रथिनाचा एकूण भार बदलतो आणि त्याचा पट्टा दुसऱ्या ठिकाणी दिसतो. म्हणजे आनुवंशिक फरक आपण पट्टीने मोजू शकतो!

आता खरा मुद्दा. प्रत्येक मासा आनुवंशिक माहितीचा एक भाग आईकडून आणि एक भाग बापाकडून घेतो. समजा, काही माशांत पट्टा ‘क’ जागी आणि काहींत ‘ख’ जागी दिसतो. हे सर्व मासे एकमेकांत वीण करत असतील, तर त्यांच्या संततीत असे पुष्कळ मासे सापडले पाहिजेत, की ज्यांच्यात ‘क’ आणि ‘ख’ दोन्ही प्रकार एकत्र आहेत. पण एकाच समुद्रात राहणारे मासे तपासून प्रत्येक मासा शुद्ध ‘क’ किंवा शुद्ध ‘ख’ निघाला, मिश्र एकही नाही, आणि एकाच नव्हे तर अनेक प्रथिनांच्या बाबतीत असेच आढळले, तर? तर ते शेजारी राहतात पण त्यांच्यात वीण होत नाही, असेच म्हणावे लागेल. अशा दोन गटांनाच आपण दोन जाती म्हणतो.

सोले-कावा, व्होरेन आणि लेव्ही या शास्त्रज्ञांनी १९८३ साली दक्षिण ब्राझीलच्या एंजल शार्कच्या दोन जाती याच मार्गाने वेगळ्या दाखवल्या. पुढे १९८७ साली सोले-कावा आणि लेव्ही यांनी आणखी एक, म्हणजे तिसरी जात असल्याचा पुरावा मांडला. त्यानंतर १९९१ साली व्होरेन आणि दा सिल्वा यांनी येथील एका जातीचे रीतसर वर्णन करून तिला नाव दिले स्क्वाटिना ऑकल्टा. ‘ऑकल्टा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लपलेली’. खरे तर ही जात कधीच लपून बसली नव्हती. ती जाळ्यांत येत होती, बाजारात विकली जात होती, लोकांच्या ताटात पडत होती. ती लपली होती दुसऱ्या माशाच्या नावामागे.

दोघींची तुलना

या गोष्टीतील गुगेनहाइम आणि ऑकल्टा या दोन जाती आता शेजारी शेजारी ठेवून पाहू या.

१. काटे : गुगेनहाइमच्या पाठीवर मध्यभागी काट्यांची ठळक ओळ असते. मोठ्या झालेल्या ऑकल्टाच्या पाठीवर अशी ओळ नसते.

२. आकार : गुगेनहाइम लहान. दक्षिण ब्राझीलमध्ये तिची लांबी साधारणपणे ९५ सेंटीमीटरच्या आत असते. ऑकल्टा सुमारे १३० सेंटीमीटरपर्यंत वाढते.

३. राहण्याची जागा : गुगेनहाइम किनाऱ्याकडच्या उथळ पाण्यात अधिक, तर ऑकल्टा त्या मानाने खोल पाण्यात. मात्र दोघींचे प्रदेश एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून एकाच जाळ्यात दोन्ही येऊ शकतात.

४. अंडाशय : गुगेनहाइमच्या मादीत फक्त डावा अंडाशय काम करतो. ऑकल्टाच्या मादीत दोन्ही अंडाशय काम करतात.

५. पिले : गुगेनहाइमला एका वेळी साधारण २ ते ८ पिले होतात, ऑकल्टाला साधारण ४ ते १०.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. फक्त डावा अंडाशय कार्य करतो असा आणखी एक प्राणी तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे : कोंबडी! काट्यांबद्दल कोणी शंका घेईल, पण दोन मोठ्या माद्यांची शरीररचनाच अशी वेगळी असली, तर वय किंवा लिंग यांचे कारण पुढे करता येत नाही. विजेची साक्ष आणि शरीररचनेची साक्ष एकमेकींशी जुळली. स्वतंत्र मार्गांनी काढलेली दोन उत्तरे जुळली, की शास्त्रज्ञाचा विश्वास वाढतो.

वाटीतील मूग आणि मटकी

“बरे, दोन जाती आहेत. पण त्यामुळे काय बिघडले?” असे कोणी विचारील. त्यासाठी स्वयंपाकघरात एक प्रयोग करा.

एका वाटीत १८० मूग आणि २० मटकीचे दाणे मिसळा. एकूण २०० दाणे. आता वाटीतून १० मूग आणि १८ मटक्या काढून घ्या. उरले १७२ दाणे. ज्याला मूग आणि मटकी यांतला फरक माहीत नाही तो म्हणेल, “२०० चे १७२ झाले, म्हणजे १४ टक्के घट. फारसे काळजीचे कारण नाही.” पण नीट पाहा. मटकीचे २० पैकी २ च दाणे उरले आहेत. तिची घट ९० टक्के आहे! दोघांची बेरीज करून काढलेला आकडा बरोबर असूनही त्याने सर्वांत महत्त्वाची बातमी दडवून ठेवली. लंबकाच्या ३९ सेकंदांसारखेच हे झाले.

हे आकडे अर्थातच समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष समुद्रात दोन्ही जातींवर संकट कोसळले. तळावरून ओढत न्यायची ट्रॉल जाळी आणि तळाशी भिंतीसारखी उभी लावायची जाळी अशा दोन्ही प्रकारांनी त्यांची मासेमारी झाली. दक्षिण ब्राझीलच्या समुद्रात १९८६-८७ मध्ये आणि पुन्हा २००१-०२ मध्ये संशोधन-नौकांनी पाहणी केली, तेव्हा या माशांचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे १५ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले. पंधरा वर्षांत शंभरातले पंच्याऐंशी गेले! ऑकल्टाला नाव मिळाले १९९१ साली, म्हणजे ही घसरण चालू असतानाच.

पिलांचे गणित

इतकी मोठी घट का झाली? बांगड्यासारखा मासा हजारो अंडी घालतो. त्यांतली बहुतेक नष्ट झाली तरी काही वाचतात. एंजल शार्क अंडी घालत नाही. आईच्या पोटात पिले बलकावर पोसतात आणि सुमारे वर्षभराने जन्माला येतात. गुगेनहाइमची मादी साधारण तीन वर्षांतून एकदा विते. समजा, एका वेळी ६ पिले झाली आणि त्यांतली निम्मी माद्या असल्या, तर तीन वर्षांत ३ माद्या, म्हणजे एका मादीमागे वर्षाला सरासरी एकच मादी-पिलू. त्या पिलालाही वयात येण्यास काही वर्षे लागतात आणि तेवढा काळ ते शत्रूंच्या तावडीतून वाचावे लागते. इतक्या सावकाश भरणाऱ्या भांड्यातून भराभर काढत राहिले, तर तळ दिसणारच.

याहून बिकट अशी एक गोष्ट सुन्ये आणि व्होरेन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. या माशांत गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भाशय आणि त्यापुढील पोकळी यांचा एकच कक्ष बनतो आणि तो बाहेरच्या समुद्राकडे उघडा असतो. निसर्गात या रचनेने काही बिघडत नाही. पण अशी मादी जाळ्यात सापडून वर ओढली गेली, की अपुऱ्या वाढीची पिले बाहेर पडतात. कोळ्याने दया दाखवून मादीला पुन्हा पाण्यात सोडले, तरी पिले वाचत नाहीत. म्हणून ‘पकडा आणि सोडून द्या’ एवढ्याने हे मासे वाचणार नाहीत. ते जाळ्यात येणारच नाहीत अशी तजवीज करावी लागेल, म्हणजेच त्यांच्या विणीच्या जागी आणि विणीच्या काळात जाळी टाकणे थांबवावे लागेल.

येथे दोन जाती वेगळ्या ओळखण्याचे महत्त्व पुन्हा लक्षात येते. उथळ पाण्यात मासेमारी बंद केली, तर गुगेनहाइमला अधिक आधार मिळेल, पण खोल पाण्यातील ऑकल्टाला तो तितका मिळणार नाही. एका जातीसाठी आखलेले कुंपण दुसरीला पुरेल असे नाही.

आजची स्थिती

२००४ साली ब्राझील सरकारने दोन्ही जाती संकटात असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातल्या आणि त्यांना पकडण्यास मनाई केली. तरी दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत त्या येतच राहिल्या. डोके आणि पर कापून टाकलेले मांस बाजारात आले, की काट्यांची ओळ पाहायची तरी कोठे? तेथे आता विद्युत्संचरणाच्या पुढची पायरी, म्हणजे आनुवंशिक द्रव्याचीच थेट तपासणी, उपयोगी पडते. मांसाच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखता येते. अशा तपासण्यांत मनाई असलेल्या एंजल शार्कचे मांस विकले जात असल्याचे उघडही झाले आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आज गुगेनहाइमची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. ऑकल्टाची नोंद त्याच्याही पुढच्या, ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवर आहे. या पायरीनंतर जंगली अवस्थेतून नाहीसे होणे एवढेच उरते. दोन्ही माशांना आपण ‘कासाँव-आंझू’ या एकाच नावाने मोजत राहिलो असतो, तर या दोन पायऱ्यांतील अंतर कोणाला कळले असते?

करून पाहा

१. मूग आणि मटकीचा प्रयोग वर्गात करा. एका गटाने फक्त एकूण दाणे मोजावेत, दुसऱ्याने दोन्ही वेगळे मोजावेत. एकूण घट २० टक्क्यांपेक्षा कमी राहील, पण मटकी पूर्ण संपेल, असे किती प्रकारे करता येईल?

२. किनाऱ्याजवळ राहत असाल तर मासळीबाजारात जाऊन ‘मुशी’ या एका नावाखाली किती निरनिराळे मासे विकले जातात, ते पाहा. पाठीवरचा पर, शेपटीचा आकार, अंगावरचे ठिपके यांची चित्रे वहीत काढा आणि कोळणींना त्यांची वेगवेगळी नावे विचारा. त्यांना पुस्तकांपेक्षा अधिक नावे ठाऊक असतात, असा माझा अनुभव आहे.

३. तुमच्या प्रयोगवहीत सरासरी काढण्यापूर्वी सगळी निरीक्षणे एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा. ठिपक्यांचा एकच घोळका दिसतो की दोन? दोन दिसले, तर सरासरी काढू नका. आधी कारण शोधा.